नागपूरची ओली चादर

पाण्याजवळ गारवा असतो, अशी माझी नागपुरी समजूत होती. मे महिन्यात जिथे पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडताच खोलीचे रूप पालटते, तिथे वाढलेल्या माणसाची दुसरी कोणती समजूत होणार? म्हणून मित्राच्या काकांच्या मच्छीमार बोटीवर, दाभोळच्या खाडीत, मेमधल्या दोन रात्री काढायचे ठरले तेव्हा मी सोबत चक्क पांघरूण नेले होते. चहूकडे पाणी असल्यावर पहाटे थंडी वाजणारच, असा माझा हिशेब होता.

बोट दुपारी नांगरावर आली आणि मी केबिनमध्ये डोके घातले, तेव्हा आत एखाद्या मोदकपात्राची वाफ कोंडली आहे असे वाटले. केबिन बोटीच्या मागच्या भागात होती, तिच्या फळ्यांखाली इंजिन होते आणि वर पत्र्याचे छप्पर. डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच बोट ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची थंड करणाऱ्या पाण्यावाटे आणि धुरावाटे निघून जात असली, तरी तापलेले ते जाडजूड लोखंड इंजिन बंद झाल्यावरही कित्येक तास ऊब देत राहते. म्हणजे आमच्या अंथरुणाखाली एक विझलेली चूल होती, आणि डोक्यावरच्या तव्याची आंच दिवस मावळेपर्यंत चालूच राहणार होती.

मी अर्थातच नागपुरी उपाय केला. चादर भिजवून पिळली आणि दारात पडद्यासारखी टांगली. अर्ध्या तासात केबिन थंड तर झाली नाहीच, उलट आत श्वास घेणेही जड झाले. काकांनी ती चादर बाजूला सारली आणि म्हणाले, "अरे, हवेला तहान असेल तर पाणी पाजावं. ही आधीच पोट फुटेस्तोवर प्यायलेय."

त्यांच्या बोलण्यामागचे गणित मी घरी परतल्यावर मांडून पाहिले. पाणी बाष्प होताना भोवतालची उष्णता घेते, एका लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी. पण ते बाष्प होण्यासाठी हवेत जागा असावी लागते. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओले फडके जवळपास २२ अंशांपर्यंत निवू शकते. हवा ३३ अंशांचीच, पण आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तेच फडके २९ अंशांच्या आसपास अडते. अंगावरचा घामही एक ओले फडकेच असल्यामुळे, नागपूरच्या मानाने नऊ अंश कमी असलेल्या त्या हवेत मी अधिक कासावीस का झालो, याचा उलगडा झाला. त्यात केबिनमध्ये झोपणारी चार माणसे उच्छ्वासातून आणि घामातून आणखी बाष्प सोडणार होती. काका भाताचे पातेले केबिनबाहेर, अगदी मागच्या टोकाला का चढवायला लावत, तेही कळले. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी असली, की चुलीची वाफ मागच्या मागे पाण्यावर निघून जाते.

थोडक्यात, इथे गारवा निर्माण करता येत नव्हता, फक्त उष्णता अडवता येत होती आणि वारा आत घेता येत होता. अडवण्यासाठी काकांनी छपरावर हातभर उंचीवर पांढरी ताडपत्री ताणली. ती पत्र्याला टेकवायची नाही, मधून हवा खेळली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. टेकलेली ताडपत्री ऊन घेऊन थेट पत्र्याच्या हवाली करते. बॅटरीवर चालणारा एक लहान पंखाही होता. तो हवा थंड करीत नसे, पण अंगाला चिकटून बसलेला दमट थर उडवून लावी, आणि तेवढ्यावरच झोप लागण्याची शक्यता अवलंबून असे. मी आणखी एक योजना सुचवली होती, ती म्हणजे दुसऱ्या दिवशी मासळीसाठी भरायच्या बर्फातली एक पाटी पंख्यापुढे ठेवण्याची. काकांनी माझ्याकडे असे पाहिले, की त्या बोटीवर मासळीचा मान माणसाच्या वर आहे हे मी मुकाट्याने मान्य केले.

वाऱ्याचे प्रकरण मात्र मला वाटले त्याहून नाजूक निघाले. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई सुटते आणि मधल्या वेळेत सगळे स्तब्ध होते. धक्क्याला दोरांनी बांधलेली बोट वारा फिरला तरी जागची हलत नाही, म्हणून तिथली केबिन सगळ्यात वाईट, असे काकांचे मत. नांगरावरची बोट वळते खरी, पण खाडीत तिला दोन धनी असतात, वारा आणि भरती-ओहोटीचे पाणी. ओहोटी असेपर्यंत आमची नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पूर्वेकडे, म्हणजे मतलईकडेच होती आणि पुढच्या खिडक्यांतून आत आलेला वारा मागच्या दाराने बाहेर पडत होता. मला गाढ झोप लागली.

तीनच्या सुमारास मी घामाने भिजून जागा झालो. भरती लागली होती. पाण्याच्या ओढीने बोटीने समुद्राकडे तोंड फिरवले होते आणि मतलई आता पाठीमागून येऊन, चुलीच्या आडोशासाठी बांधलेल्या कापडावर थडकत होती. मी उठून बसेपर्यंत काकांनी अंधारातच त्या कापडाच्या दोन गाठी सोडल्या, ते गुंडाळून वर खोचले आणि कोणाशीही न बोलता पुन्हा आडवे झाले. मागच्या दारातून वारा आला, माझ्या पायांवरून पुढे सरकला आणि खिडक्यांतून निघून गेला.

सकाळी मी ती चादर पाहिली. रात्रभर कठड्यावर टांगून वाऱ्यावर असूनही ती दमटच होती. एका खलाशाने तिच्याकडे बोट दाखवून मला विचारले, "ही लागणार आहे का तुम्हाला?" मी नाही म्हटल्यावर त्याने तिने फळ्या पुसायला घेतल्या.