मिसिंग फक्त घाटातच का यायचं

आमची मारुती 800 ही 1992 ची, बाबांनी शोरूममधून घेतलेली, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग). 796 सीसी, चार गिअर, तीन सिलेंडर. तीन सिलेंडरचं मुद्दाम सांगतोय, कारण चार सिलेंडरच्या गाडीत एक सुटला (म्हणजे त्यातलं पेट्रोल पेटलं नाही, हेच मिसिंग) तर पाव ताकद जाते, आमच्यात थेट तिसरा हिस्सा जातो, स्टिअरिंग हातात थरथरतं आणि मागे बसलेल्यालाही कळतं की काहीतरी बिनसलंय.

जूनमध्ये भोरला मामाकडे निघालो होतो. पुण्यात सहकारनगर ते कात्रज चौक गाडी एकदम मऊ, काही तक्रार नाही, आणि जुन्या घाटाला लागलो, तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबला की झटके सुरू. फट् फट् फट्. पाय उचलला की परत नीट. बोगद्यापर्यंत दुसऱ्या गिअरवर कसंबसं चढवली, पलीकडे शिंदेवाडीच्या उताराला लागलो आणि जणू काही झालंच नव्हतं.

ओळखीच्या एका गॅरेजला दाखवली. बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालं, "कार्बोरेटर साफ करावा लागेल". खोलला, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) फुंकले, किट टाकलं. पुढच्या रविवारी परत घाट, परत तेच. दुसऱ्यांदा नेली तर परत कार्बोरेटरच खोलला. मला याचा खरंच राग येतो. जुनी गाडी मिसिंग करायला लागली की सगळ्यांचं बोट त्याच्याकडेच जातं, पण अहो, एकच कार्बोरेटर तिन्ही सिलेंडरना पेट्रोल देतो, तो बिघडला तर साधारणपणे तिन्ही आजारी पडतात. एकटाच सिलेंडर सुटत असेल तर आधी करंट (ठिणगी) बघायचा, मग कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब), मग मॅनिफोल्डला (मिश्रण सिलेंडरकडे नेणाऱ्या नळ्यांना) कुठे हवा ओढतेय का ते, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. चांगला बसलेला कार्बोरेटर उगाच खोलला की जुनी गॅस्केट फाटतात, स्क्रूचे आटे जातात आणि एका आजाराचे दोन होतात.

खरी दिशा बाबांनी दाखवली. बाबा आता 74 चे आहेत, गाडी चालवत नाहीत पण शेजारी बसतात. घाट उतरल्यावर टपरीवर थांबलो तेव्हा ते मागे सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, कच्च्या पेट्रोलचा वास येतोय. पेट्रोल जळत नाहीये, कमी पडत नाहीये." एवढं एक वाक्य, पण त्यात अर्धं काम झालं. पेट्रोल कमी पडत असतं, म्हणजे फिल्टर चोक किंवा एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा) कमजोर किंवा मेन जेटमध्ये कचरा, तर गाडी आधी दम सोडते, कार्बोरेटरच्या तोंडातून ठसकते, आणि प्लग (सिलेंडरमध्ये ठिणगी पाडणारे) पांढरट कोरडे निघतात.

घरी आल्यावर तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर नंबरवार ठेवले. एक आणि तीन छान बिस्किटी रंगाचे. दोन नंबर काळा आणि ओला, बोटाला पेट्रोल लागलं. तेलाचा चिकटपणा असता तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलची भीती होती, तसं नव्हतं. म्हणजे त्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पोचतंय, ठिणगी पोचत नाहीये. प्लग एक आणि दोन अदलाबदल करून घाटात नेली, तरी ओला दोन नंबरवरचाच निघाला, म्हणजे प्लग निर्दोष. कॉम्प्रेशनही मोजून घेतलं, तिन्ही जवळजवळ सारखे.

आता सगळ्यांना माहीत असलेली टेस्ट, गाडी स्लोवर (पाय न दाबता नुसती चालू) ठेवून एकेक प्लगची कॅप (वायरचं टोक) काढायची. जो सिलेंडर काम करतोय त्याची कॅप काढली की इंजिन लगेच बसतं (वेग उतरतो), जो मेलाय त्याची काढून काही फरकच पडत नाही. (दांड्याला रबर असलेली पक्कड वापरा, आणि काढलेली कॅप जुन्या प्लगला लावून तो बॉडीला टेकवून ठेवा, उघडी सोडू नका, आजूबाजूला पेट्रोल आहे.) मी केली आणि तिन्ही चालू! दोन नंबर काढला तरी इंजिन तितकंच बसलं. दोन दिवस मी इथेच अडकलो होतो.

नीट विचार केल्यावर उलगडलं. स्लोवर थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, सिलेंडरमध्ये हवा थोडी भरते, दाब कमी, आणि कमी दाबात ठिणगीला प्लगची फट ओलांडायला फार जोर लागत नाही. घाटात थ्रॉटल उघडला की सिलेंडर गच्च भरतो, दाब वाढतो, आणि त्याच 0.7-0.8 मिमीच्या फटीतून उडी मारायला कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) कितीतरी जास्त व्होल्ट लावावे लागतात. त्या वेळी वाटेत कुठे कमजोर जागा असेल, चिरलेली वायर किंवा ओल धरलेली कॅप, तर करंट प्लगकडे जायच्या ऐवजी तिथूनच बॉडीला उतरतो. म्हणून सपाटीवर गुळगुळीत आणि चढाला मिसिंग. कंडेन्सरचाही (पॉइंटला जोडलेला छोटा भाग) संशय होता, तोही गरम झाल्यावर असाच त्रास देतो, पण त्याने बहुतेक तिन्ही सिलेंडर वेडेवाकडे सुटतात आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळून खड्डे पडतात. तरी नवीन टाकून पाहिला, काही फरक नाही.

मग रात्री साडेदहाला वॉचमनकाकांना विनंती करून पार्किंगचे दिवे घालवले. बाबा आत बसले, मी बॉनेटपाशी, हात मागे बांधून, कारण बेल्ट फिरतोय आणि पंखा कधीही सुरू होतो. "बाबा, एकदम दाबा आणि सोडा." न्यूट्रलला नुसता आरपीएम धरून ठेवला तर लोड येत नाही, पण एकदम दाबला की क्षणभर सिलेंडर गच्च भरतो. पहिल्या दोन वेळा काहीच नाही. बाहेर बारीक पाऊस होता, हवा दमट. तिसऱ्यांदा दिसली. डिस्ट्रिब्युटर कॅपवर (करंट तिन्ही प्लगना वाटणाऱ्या भागाचं झाकण) दोन नंबरच्या वायरच्या बुडापासून खाली क्लिपपर्यंत निळी, केसाएवढी रेघ, आणि टिक् असा आवाज. बाबांनी परत दाबलं, परत टिक्.

गाडी बंद करून कॅप काढली, फडक्याने वरचं तेलकट पुटं पुसलं आणि टॉर्चखाली धरली. क्लिपपर्यंत बारीक तडा, आणि त्यात पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ, कार्बनची. प्लॅस्टिक जळून कार्बन होतो, कार्बनमधून वीज जाते, म्हणून एकदा वाट पडली की ती दर घाटाला थोडी रुंद होत जाते. दिवसा, धुळीखाली, ही कुणालाच दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून नवीन कॅप, रोटर (तिच्या आत फिरणारा तुकडा) आणि प्लगच्या वायरींचा सेट आणला. जुन्या वायरी एकेक काढून तिथेच नवीन लावल्या, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा 1-3-2 चा क्रम चुकत नाही. पॉइंटचा गॅप 0.4 ते 0.5 मिमीच्या मध्ये आणला आणि मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासलं, कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं आणि बरेच जण हे विसरतात.

एक अजून. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण थोडं पातळ होतं आणि आपल्या कार्बोरेटरला ते कळायला सेन्सर नाही, जेट ठरलेला आहे. शिवाय जुन्या रबरी पाइपांना इथेनॉल सोसत नाही. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि व्हॅक्यूमची नळी या महिन्यात बदलणार आहे.

गेल्या रविवारी परत घाट. तिसऱ्या गिअरला, पूर्ण दाबून, खालपासून बोगद्याच्या तोंडापर्यंत एकही झटका नाही. बाबा खिडकी खाली करून ऐकत होते. बोगद्यात शिरल्यावर इंजिनचा आवाज भिंतींवरून परत येतो ना, तिथे ते म्हणाले, "तिन्ही आहेत," आणि काच वर घेतली.