पाणी उशिरा चढलं

माण तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. सातवीच्या वर्गात दरवर्षी एक प्रयोग हमखास करतो. परातीत कुंकू घातलेलं पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेची बरणी उपडी. मेणबत्ती विझते, पाणी बरणीत चढतं. बरणीवर पाच सारख्या भागांची कागदी पट्टी चिकटवलेली असते. पाणी पहिल्या खुणेशी थांबलं की मी म्हणायचो, "बघा, हवेतला पाचवा भाग ऑक्सिजन. तो जळण्यात संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली." मी शिकलो त्या जुन्या पुस्तकात हे असंच होतं, शेजारी दोन चित्रंही होती. एक आधीचं, एक नंतरचं.

परवा प्रयोग नेहमीसारखाच झाला. फळ्याकडे वळलो, तर तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पाणी विझल्यावर चढलं."

"मग?"

"जळताना ऑक्सिजन संपत होता ना? तेव्हा का नाही चढलं?"

मी पुन्हा करून पाहिलं. खरंच की! ज्योत होती तोवर पाणी जेमतेम हललं. विझली आणि सरसर वर आलं. पंधरा वर्षं हा प्रयोग करतोय, पण माझं लक्ष पट्टीवर असायचं. पुस्तकातल्या दोन चित्रांमधला वेळ मी कधी पाहिलाच नव्हता.

मागून एकजण ओरडला, "सर, बरणी ठेवताना बुडबुडे आले!" तेही खरं होतं. मग कोणीतरी म्हणालं, तीन मेणबत्त्या लावू. बरणी तीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. पाणी तिथंच थांबायला हवं. ते दुसरी खूण ओलांडून गेलं. वर्गात जो गोंधळ उडाला, तो मी थांबवला नाही.

इथं एक कबुली द्यायला हवी. ती बरणी आणि ती मेणबत्ती मीच निवडलेली. वेगवेगळ्या बरण्यांत पाणी वेगवेगळं चढायचं, म्हणून खुणेशी थांबणारी जोडी मी जपून ठेवली होती. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो हे खरंच आहे. उत्तर बरोबर येत होतं, म्हणून वाटेतलं काही तपासावंसं वाटलं नाही.

मधल्या सुट्टीत खिचडीवाल्या मावशींकडून गरम पाणी आणलं. त्यात दुसरी बरणी तापवली, रिकामी केली आणि परातीत उपडी घातली. ना मेणबत्ती, ना ज्योत. थोड्या वेळानं तिच्यातही बोटभर पाणी चढलं. मग मुलांनीच जुळवलं: ज्योतीजवळ धरल्यावर बरणीतली हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांतून निसटते, ज्योत गेली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. जळताना झालेल्या वाफेचं पाणी होतं, त्याचाही हातभार लागतो, हे मी जोडलं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा बरणीतला ऑक्सिजन सगळा संपलेला नसतोच.

1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत एक विज्ञान-शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. त्याच्या पुस्तकांत प्रयोग असे, प्रश्न असत, पण उत्तर छापलेलं नसे. ते मुलांनी लिहायचं. हे वाचलं होतं तेव्हा मला जरा भाबडं वाटलं होतं. त्या दिवशी वाटलं, दोन चित्रांऐवजी नुसतं 'पाणी केव्हा चढलं?' एवढं छापलं असतं तरी पुरलं असतं.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी होती. प्रश्न जुन्याच संचातला, बदलायचा राहून गेला. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीनं लिहिलं होतं: पाचवा भाग ऑक्सिजन संपतो, म्हणून पाणी चढते. मी तिला बोलावून विचारलं, "अगं, तूच तर..."

"माहितीये सर," ती म्हणाली. "पण पेपरात गाइडमधलंच लिहायचं ना?"

तीनपैकी तीन गुण आधीच देऊन झाले होते.