चेंबरचं पॅकिंग बदललं, तरी गळतंच?

सकाळी गाडी काढली की फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. गॅरेजवाला खालून बोट फिरवतो, ‘चेंबरचं पॅकिंग गेलंय’ म्हणतो. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाला बोल्टांनी धरलेलं ऑइलचं भांडं. पॅकिंग बदललं जातं आणि महिन्याभरात डाग पुन्हा हजर. मग लोक कंपनीला, पॅकिंगला, ऑइलच्या ग्रेडला नावं ठेवतात. प्रत्यक्षात नवं पॅकिंग गळायची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: चेंबरची कड वाकलेली, जोडाचे पृष्ठभाग तेलकट, नाहीतर बोल्ट नको तेवढे आवळलेले. दोन सपाट, कोरड्या पृष्ठभागांमधली बारीक फट भरणं एवढंच पॅकिंगचं काम. वाकलेला पत्रा सरळ करणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे.

पान्याला हात लावण्यापूर्वी गळती खरंच चेंबरची आहे का, ते बघा. तेल कुठूनही निघालं तरी खाली उतरून चेंबरच्या कडेला लटकतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं. टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण), ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं बूड, क्रँकचं म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं पुढचं सील हे नेहमीचे संशयित. इंजिन थंड असताना बाहेरून डिझेल आणि ब्रशने धुऊन काढा, फडक्याने पूर्ण कोरडं करा आणि जोडाच्या वर-खाली साधी टाल्कम पावडर फवारा. वीसेक किलोमीटर गाडी फिरवून आणली की पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ नेमकी कुठून सुरू होते ते दिसतं. रेघ चेंबरच्या जोडाच्या वरून येत असेल तर चेंबर उघडायचं कारण नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, बेलहाउसिंगच्या तळातून थेंब पडत असेल तर बहुधा मागचं क्रँक सील गेलेलं असतं. ते काम गिअरबॉक्स उतरवून होतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारी झडप) किंवा त्याचा पाइप चोंदला असेल तरी क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि कितीही चांगला जोड घाम फुटल्यासारखा ओला होतो. तोही आधी साफ करा.

आता पॅकिंगचा प्रकार, कारण पुढची पद्धत त्यावर ठरते. फियाट-अँबॅसेडरच्या पिढीत बुचाचं पॅकिंग असायचं. बऱ्याच गाड्यांना रबराचं साच्यातलं पॅकिंग येतं, काहींच्या बोल्टच्या भोकांत पोलादी बुश असतात. मारुतीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना चेंबरसाठी तयार पॅकिंग नसतंच. तिथे ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंटच पॅकिंगचं काम करतं. दुकानात ‘चेंबर पॅकिंग द्या’ म्हटल्यावर कुणी कागदी पॅकिंग हातात ठेवलं, तर आपल्या इंजिनाला मुळात काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. सीलंट ऑइलला टिकणारं, इंजिनसाठीचंच हवं. हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही. सुकताना त्यातून ॲसिड सुटतं आणि धातू गंजतो.

सोबत लागेल ते: ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, ऑइल फिल्टर, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल (छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण पावणेतीन ते साडेतीन लिटर), स्ट्रेनरची (चेंबरमधून ऑइल ओढणाऱ्या जाळीची) ओ-रिंग म्हणजे रबरी कडी, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, प्लॅस्टिकची खरवडणी आणि ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला ‘टक’ करणारा पाना). चाकांच्या नटांचा मोठा रेंच इथे कामाचा नाही. त्याची मोजणी सुरू होते तिथवर चेंबरचा बोल्ट तुटलेला असतो.

गाडी सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना अडसर, पुढून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). विटा, दगड, नुसता जॅक यांपैकी कशाच्याही भरवशावर गाडीखाली शिरू नका. आणि जॅक चेंबरखाली लावणं म्हणजे आपल्याच हाताने पुढचा बिघाड विकत घेणं. चेंबर आत दबलं की स्ट्रेनर आणि तळ यांतलं अंतर कमी होतं आणि पंपाला ऑइल पुरेसं मिळत नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, ड्रेन बोल्ट काढा आणि अर्धा तास ऑइल निथळू द्या. तेवढ्यात खालचा गार्ड, आड येत असेल तर सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि फ्लायव्हीलखालचा पत्रा काढून होतो. चेंबरचे बोल्ट सहसा १० नंबरच्या सॉकेटचे, एम ६ मापाचे. एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून, भोकं पाडून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचत जा. काही इंजिनांत लांब-आखूड बोल्ट मिसळलेले असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि चेंबर मात्र सैल राहतं. गिअरबॉक्सच्या बाजूचे एक-दोन बोल्ट चिखलाखाली लपलेले असतात. चेंबर निघत नसेल तर ताकद वाढवण्याआधी बोल्ट पुन्हा मोजा.

सिलिकॉनने धरलेलं चेंबर बोल्ट काढले तरी हलत नाही. इथे स्क्रू ड्रायव्हर घुसवायचा मोह आवरा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर एक ओरखडाही कायमची तेलाची वाट होतो. पुट्टीची पातळ, रुंद पट्टी जोडात सरळ धरून हळू ठोका, ती कडेने सरकवत न्या, मग कोपऱ्याला लाकडी ठोकळा लावून रबरी हातोड्याने हलकेच ठोका. ओतीव ॲल्युमिनियमच्या चेंबरला बऱ्याचदा त्यासाठीच आटे पाडलेली भोकं किंवा उचकटायच्या खाचा असतात, त्या वापरा. चेंबर सुटूनही खाली येत नसेल तर आत स्ट्रेनर अडलेला असतो. तिरकं करून बघा, नाहीतर हात घालून स्ट्रेनरचे बोल्ट काढा. स्ट्रेनर सोडला तर त्याची ओ-रिंग बदलायचीच. जुनी ओ-रिंग हवा खेचते आणि मग ऑइलचा दिवा विझायला उशीर लावतो.

आता खरं काम. पत्र्याचं चेंबर पालथं करून कड डोळ्यांच्या रेषेत धरा. प्रत्येक भोकाभोवती पत्रा इंजिनच्या बाजूला फुगून आलेला दिसेल, छोट्या टेंगळासारखा. आधी कुणीतरी जीव खाऊन बोल्ट आवळल्याची ही खूण. असं चेंबर बसवलं की भोकांपाशी पॅकिंग चिरडतं आणि दोन भोकांच्या मध्ये फट राहते. गळायला लागलं की माणूस बोल्ट आणखी आवळतो, टेंगूळ आणखी वाढतं. स्टीलची पट्टी कडेवर आडवी ठेवून मागून टॉर्च मारा. जिथून उजेड येतो तिथून ऑइल येणार. कडेची खालची बाजू ऐरणीवर किंवा कठीण, सपाट लाकडावर टेकवा, टेंगूळ वर ठेवा आणि गोल डोक्याच्या हातोडीने छोटे ठोके देत ते खाली बसवा. पुन्हा पट्टी, पुन्हा टॉर्च. या कामाला अर्धा तास लागतो आणि गॅरेजमध्ये नेमका हाच अर्धा तास वाचवला जातो. ड्रेन बोल्टचे आटेही बघून घ्या. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत चेंबरच्या तळाला गंज धरतो. पापुद्रे सुटत असतील तर वेल्डिंगच्या नादी न लागता नवं चेंबर घ्या.

जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने काढायचं. ड्रिलवर घासायची चकती लावून इंजिनच्या बाजूचा पृष्ठभाग चकचकीत करणं झटपट होतं खरं, पण त्या चकतीची भुकटी क्रँकवर बसते आणि पुढे बेअरिंग खाते. बोल्टची भोकंही साफ करा. बंद भोकात ऑइल साचलेलं असेल तर बोल्ट त्या ऑइलवरच दाबला जातो. टॉर्क रेंच ‘टक’ करतो आणि जोड सैलच असतो.

चेंबर काढल्यावर क्रँकवरून, सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइल तासन् तास टपकत राहतं. आत्ता पुसलेली कड दहा मिनिटांत पुन्हा ओली. घाईचं काम नसेल तर रात्रभर निथळू द्या. नसेल जमत तर निदान दोन-तीन तास, आणि मग शेवटचं पुसणं सीलंट लावण्याच्या अगदी आधी, ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन. सरळ इंजिनात फवारू नका, वरचं ऑइल धुतलं जाऊन पुन्हा खाली येतं. पुसल्यावर कोरडा पांढरा टिश्यू कडेवरून फिरवा. डाग आला तर पुन्हा पुसा. सिलिकॉन तेलावर चिकटत नाही, कुठल्याही कंपनीचं असलं तरी.

सीलंटची रेघ चेंबरच्या कडेवर, साधारण ३ मिलिमीटर जाडीची, सलग, आणि भोकांच्या आतल्या बाजूने. भोकाबाहेरून ओढली तर ऑइलला बोल्टच्या आट्यांतून बाहेर यायची वाट मोकळी. ‘जास्त लावलं की जास्त पक्कं’ हा समज फार महाग पडतो: आत दाबून निघालेलं सिलिकॉन गांडुळासारखं तुटून ऑइलमध्ये पडतं आणि स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतं. जादा सीलंट लागतं ते फक्त ब्लॉक आणि टायमिंग कव्हर, ब्लॉक आणि मागच्या सीलचं हाउसिंग जिथे मिळतात तिथे. तीन भाग एका ठिकाणी येतात त्या कोपऱ्यात मुगाएवढा ठिपका द्या. सगळं नीट असूनही गळणारी चेंबरं बहुधा या कोपऱ्यांतच गळतात.

रबरी पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवायचं, सीलंट फक्त त्या कोपऱ्यांत. रबराला सगळीकडे सिलिकॉन फासलं की आवळताना ते घसरून बाहेर येतं. बुचाच्या पॅकिंगला चेंबरच्या बाजूने जागेवर राहण्यापुरता पातळ हात पुरे.

रेघ ओढल्यावर पाच मिनिटांच्या आत चेंबर बसलं पाहिजे, तेही सरळ वर. सरकवत नेलं की रेघ पुसली जाते. एम ६ चे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, कापलेल्या टोकाला हॅक्सॉने खाच पाडा आणि समोरासमोरच्या भोकांत हाताने फिरवून ठेवा. चेंबर त्या खुंट्यांवरून नेमकं वर चढतं. बाकीचे बोल्ट हाताने लागले की खुंट्या स्क्रू ड्रायव्हरने काढून घ्यायच्या.

आधी सगळे बोल्ट बोटांनी. मग मधून सुरुवात करून आलटून-पालटून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. एम ६ बोल्टला बऱ्याच इंजिनांत ८ ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमधला धरा. १० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १ किलोग्रॅम-मीटर, छोट्या पान्यावर मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. बुचाचं पॅकिंग एकदा इंजिन तापून थंड झालं की दबतं, म्हणून ते पुन्हा तपासायचं. सिलिकॉनच्या जोडाला मात्र सुकल्यावर पान्याने हात लावू नका. धरलेला थर तुटतो आणि गळती सुरू होते.

सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने पक्कं होतं. पावसाळ्यात मुंबईत ते लवकर धरतं, मे महिन्यातल्या नागपूरच्या कोरड्या हवेत जरा रेंगाळतं. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. शक्य असेल तर ऑइल २४ तासांनीच भरा. ड्रेन बोल्टला नवा वॉशर, टेफ्लॉन टेप नको. फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइलचा हात, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, तेही बघा.

सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर पाच मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा, खालून टॉर्च मारा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडेच द्या, गटारात नको. पहिले दोन दिवस एखाददुसरा थेंब पडला तर लगेच चेंबर उघडायला धावू नका. क्रॉसमेंबरच्या (इंजिनखालच्या आडव्या पट्टीच्या) खोबणीत साचलेलं जुनं ऑइल असंच टपकत राहतं. पेट्रोल गाडीत थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन बघा: मधाच्या रंगाचा असेल तर नवं ऑइल, म्हणजे काम पुन्हा करायचं, काळा असेल तर बहुधा खोबणीतलं. डिझेलला ही युक्ती लागू नाही, तिथे नवं ऑइलही पहिल्याच दिवशी काळं होतं. त्या गाडीला पुन्हा धुणं आणि पुन्हा पावडर.