‘पोस्टमध्ये बघू’ : आमच्या गाळ्याची वाटचाल

गोरेगाव पूर्वेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे. 2006 पासून आम्ही तिथं कापलेले हात, फुटलेली डोकी, भाजलेल्या पाठी, नवव्या महिन्याची पोटं आणि नाना तऱ्हेचे सुळे बनवतो. मालिका, सिनेमे, जाहिराती, व्यावसायिक नाटकं, सगळीकडे आमचा माल गेलाय. श्रेयनामावलीत नाव क्वचितच आलं, आणि आलं ते इतक्या वेगानं गेलं की घरच्यांना टीव्ही थांबवून वाचावं लागलं.

मी मेकअपदादांच्या हाताखाली शिकलो. दाढीमिशांना क्रेप वूल, ती चिकटवायला स्पिरिट गम, कातडी आकसवणाऱ्या कोलोडियनचे व्रण, एवढ्यावर पोट चालत होतं. धंद्याला खरा आकार आला तो आप्पांमुळे. आप्पा पेणचे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे, आणि ज्यांना आखणी म्हणजे काय ते माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्यांनी शाडू सोडून प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारी तेलकट माती, हातात घेतलं आणि आठवड्याभरात प्लॅस्टिसिनला नावं ठेवायला लागले. पण कातडीवरची रंध्रं कशी काढायची हे मी त्यांच्याकडून शिकलो. नागपुरी संत्र्याच्या सालीवर लॅटेक्सचे, म्हणजे द्रवरूप रबराचे, पातळ थर द्यायचे, वाळले की सोलून घ्यायचे. तो ठसा मातीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून वरून दाबायचा. कागद मध्ये नसेल तर रंध्रांच्या कडा धारदार येतात आणि चेहरा चाळणीसारखा दिसतो. गालावर एक दाब, नाकावर दुसरा, कपाळावर ठसा फिरवून. परदेशातही हीच युक्ती वापरतात, हे आम्हाला फार नंतर कळलं. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. ‘संत्री तिकडं पण असतील,’ म्हणाले.

आमच्या लाइनीतला माणूस 1981 ला मानतो. त्या साली ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये रिक बेकर यांनी लखलखीत उजेडात, दिवाणखान्याच्या मधोमध माणसाचा लांडगा केला. अंधार नाही, धूर नाही. हात लांब होतो तो खोटा हात, आतून ढकललेला. केस उगवताना दिसतात ते खोट्या कातडीतून आत ओढून घेतलेले, फिल्म उलटी फिरवून दाखवलेले. मेकअपसाठी ऑस्कर स्पर्धेत कायमचा विभाग सुरू झाला आणि त्यातलं पहिलं बक्षीस याच कामाला मिळालं. त्याच वर्षी ‘द हाउलिंग’मध्ये रॉब बॉटिन यांनी लॅटेक्सखाली फुगे लपवून चेहरा आतून उकळवला. आपल्याकडे ‘जुनून’मध्ये 1992 साली राहुल रॉयचा वाघ झाला, तो पाहून मी या धंद्याचं नाव घ्यायला लागलो.

म्हणून 2013 मध्ये एका हिंदी भयपटासाठी लांडगा-माणसाची ऑर्डर आली, तेव्हा आम्ही बाकीची कामं बाजूला ठेवली. हिरोच्या चेहऱ्याचा ठसा अल्जिनेटमध्ये, दाताचे डॉक्टर वापरतात त्या लगद्यात, घेतला, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. त्यावर आप्पांनी मुंडकं कोरलं. ओठ मागे ओढायला सायकलच्या ब्रेकच्या केबली, भुवया आणि कानांना लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सर्वो मोटारी. सिलिकॉनच्या चेहऱ्यावर केस एकेक करून सुईनं टोचलेले. टोचायची सुई म्हणजे साधी शिवणाची सुई, नेढं अर्धं घासून दुबेळकं केलेलं. गालावर केस खाली, हनुवटीखाली पुढे, मानेवर मागे. ही दिशा चुकली की लांडग्याची टेडी होते. आमची चुकली नव्हती. भर पावसाळ्यात फिल्मसिटीत शूटिंग झालं आणि क्लॅप देणारी पोरगी आमच्या सूटमधल्या माणसाला चहा द्यायला जाईना.

आता वरच्या मजल्याबद्दल. आमच्याच इस्टेटमध्ये, आमच्या डोक्यावर, एक व्हीएफएक्स कंपनी, म्हणजे पडद्यावरची करामत कॉम्प्युटरवर करणारी, आली होती. काचेचं दार, बीनबॅग, दिवसरात्र एसी, आणि त्या एसीचं पाणी आमच्या शटरवर. आमच्याकडे साचे भरणारा हुशार पोरगा त्यांनी रोटोच्या, म्हणजे शॉटमधली आकृती फ्रेमगणिक कापून वेगळी करायच्या, कामाला उचलला. पगार जास्त होता, त्याला दोष नाही. पण आमच्या साच्यांचे फोटो त्याच्या मोबाइलमधून वर गेले, ते मी विसरणार नाही. एडिट चालू असताना निर्मात्यांना कुणीतरी सांगितलं की आजकाल सगळं कॉम्प्युटरवर होतं. सेटवर प्रत्येक अडचणीला ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे शूटिंगनंतर एडिट-कॉम्प्युटरवर निस्तरू, हे ठरलेलं उत्तर होतंच. आता आमचा अख्खा लांडगाच पोस्टमध्ये गेला. वरच्यांनी आमचं मुंडकं ‘रेफरन्स’ म्हणून मागून नेलं, स्कॅन केलं आणि त्याच्यावर आपला लांडगा चढवला.

सिनेमा आम्ही तिकीट काढून पाहिला. त्यांचा लांडगा चिखलात धावतो आणि चिखल उडत नाही. बाहेर मुसळधार पाऊस, याचे केस कोरडे. जिथं समोर आमचा सूट होता तिथं हिरो घाबरलेला आहे. नंतर लांडग्याच्या जागी, नजर कुठं ठेवायची ते कळावं म्हणून, काठीला टेनिसचा चेंडू लावून घेतलेल्या शॉटमध्ये तो बस चुकलेल्या माणसासारखा बघतो. आणि वाड्याच्या जिन्यातल्या एका शॉटमध्ये भिंतीवरची सावली आमची आहे. ती पुसायची राहिली.

बिलाची बाकी मागायला गेलो तर प्रॉडक्शनवाले म्हणाले, पडद्यावर जे नाही त्याचे पैसे कसे द्यायचे? करारात तसं कुठं लिहिलं नव्हतं. पण हेलपाटे घालून चपला झिजल्या. फोम भाजायचा ओव्हन विकला. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. आप्पा भाद्रपदापुरते पेणला परतले. जाताना हत्यारांची पेटी गाळ्यातच ठेवून गेले, म्हणून मी शटर कायमचं ओढलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ‘द थिंग’च्या 2011 सालच्या सिनेमासाठी अमेरिकेतल्या एका नामांकित वर्कशॉपनं खरेखुरे प्राणी बनवले, सेटवर चालवले, आणि त्यातले बहुतेक नंतर कॉम्प्युटरनं झाकले गेले. ते वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आम्हाला वाचवलं दादरच्या एका ड्रेसवाल्या शेठनी. पौराणिक मालिकांना मुकुट-आयुधं पुरवणारा माणूस. त्यांना नरसिंह हवा होता, खांब फोडून येणारा, जबडा हलणारा. घासाघीस न करता अर्धे पैसे आगाऊ दिले, तेही रोख. लांडग्याचा सूट आमच्याकडेच पडून होता. त्याच्या पाठीवरचे केस सोडवून, रंगवून, नरसिंहाची आयाळ केली. तो नरसिंह चालला. मग शेठनी वराह मागितला, मग जटायू. दर वर्षी काही ना काही मागतात आणि दर वर्षी ‘मागच्यापेक्षा हलकं करा, नटाची मान दुखते’ म्हणतात. त्यानंतरची वर्षं ठीक गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कॉम्प्युटरशी माझं वैर नाही. 2022 च्या ‘भेडिया’तला लांडगा चार पायांवर पळतो. तो आमच्यानं झाला नसता. माणूस ओणवा झाला की ढुंगण वर येतं, गुडघे नको तिथं वळतात, सूटमध्ये कितीही चांगला कसरतपटू घाला. पण दोन पायांवर उभा राहून श्वास घेणारं काही हवं असेल, लाळ गळणारं, नटाच्या मानेवर हात ठेवणारं, तर ते सेटवर असावं. वायर पुसायला, केबल लपवायला वरच्यांना बोलवा. ‘तुंबाड’मधली म्हातारी आठवा. त्या प्रॉस्थेटिकखाली, चिकटवलेल्या खोट्या कातडीखाली, पांडुरंगाचं काम करणारा पोरगाच होता, म्हणून तिची हालचाल अंगावर येते.

नवीन पोरं विचारत नाहीत तरी सांगतो. ज्या साच्यात फोम लॅटेक्स, म्हणजे स्पंजासारखं फुगवलेलं रबर, भाजलंय त्यात प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमनं घट्ट होणारं) ओतू नका, रबरातल्या गंधकानं ते चिकटच राहील. गंधकाच्या मातीचंही तेच, आणि लॅटेक्सचे हातमोजेही घालू नका. जिप्समचे साचे पावसाळ्यात पंख्याखाली ठेवून वाळले असं समजू नका. करारात लिहून घ्या की काम सेटवर पोचलं की पैसे द्यायचे, पडद्यावर दिसो न दिसो. आणि मुंडकं स्कॅनला द्यायचं असेल तर त्याचा दर वेगळा लावा.

वरची कंपनी दोन वर्षांत गेली, तिथं आता झुंबा चालतो आणि आमच्या छताचा गिलावा पडतो. आप्पा दिवाळीनंतर येतात, आता त्यांचा नातू पण सोबत असतो. नवा ओव्हन घेतलाय. गाळा बघायला यायचं असेल तर सकाळी या. दुपारी 90 अंशांवर फोम भाजत असतं, त्या वासात उभं राहवत नाही.