शत्रू जवळ आणला, आणि खेळ सोपा झाला

गेले तीन रविवार 'बॅटल फॉर वेसनॉथ' या फेऱ्याफेऱ्यांनी खेळायच्या लढाईच्या कॉम्प्युटर गेमसाठी एक सिनॅरिओ, म्हणजे नवा डाव, रचतोय. मधून नदी, तिच्यावर एकच पूल, अलीकडे खेळणाऱ्याची माणसं, पलीकडे ऑर्क, म्हणजे राक्षसी शत्रू. नकाशा तासाभरात झाला. पाण्यात मुद्दाम उथळ जागा ठेवल्या, कारण तिथे उभ्या ऑर्कचा बचाव, म्हणजे वार चुकण्याची शक्यता, फक्त २० टक्के. पुलाला कंटाळून जो पाण्यात उतरेल तो मेलाच.

धाकटीला खेळायला बसवलं. सातव्या फेरीत तिचा पार धुव्वा! "दादा, हे जिंकायला बनवलंयस की रडायला?"

सैन्य भरतीसाठी तिला सोनं वाढवून दिलं, तरी तेच. मग कागदावर फेऱ्या मोजल्या. या खेळात दिवस सहा फेऱ्यांचा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. रात्री ऑर्कचा मार २५ टक्क्यांनी वाढतो, आमच्या भालेकऱ्यांचा तेवढाच घटतो. ऑर्कची छावणी पुलापासून नकाशावरच्या १२ घरांवर (चौकटींवर). पहिली फेरी, म्हणजे पहाट, भरतीतच जाते; मग पायी ऑर्क फेरीला ५ घरं चालतो. म्हणजे स्वारी बरोबर चौथ्या फेरीला, दिवेलागणीला दारात हजर!

छावणी ९ घरांवर आणली. आता ते भर दुपारी धडकतात, पहिली तुकडी उन्हातच गारद होते.

पुढच्या खेपेला धाकटीने रात्र तर काढलीच, वर पहाटे पूल ओलांडून एका घोडेस्वाराने ऑर्कचा सरदारच टिपला. तो गाव लुटायला गढी सोडून बाहेर आला होता, गाढव. त्याला जागेवर बसवणारी ओळ सिनॅरिओच्या कोडमध्ये लिहिली, तर शेवटचा कंस राहिला आणि सिनॅरिओ उघडेचना. आता पुढच्या रविवारी.