पोथी आली कोणत्या साली?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा जुना पोथीसंग्रह बघायचा म्हणून कुणी येरवड्याची रिक्षा केली, तर त्याला वाटेतच थांबवावं लागतं: अहो, उलटे निघालात, लॉ कॉलेज रोडला जा. सरकारने जमवलेला हस्तलिखितांचा तो ठेवा १९१८ सालीच तिथल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत गेला. अर्थात येरवड्याची खेप वाया जाते असं नाही. इतिहाससंशोधक पारसनिसांच्या साताऱ्याच्या संग्रहातले मराठेशाहीचे कागद तिथे कॉलेजात आहेत. पण ते प्रकरण वेगळं.

खरी गंमत पुढेच. पोथीचा क्रमांक मिळतो तो असा: आधी एक आकडा, मग साल, म्हणजे १८७५-७६ किंवा १८८१-८२. हे साल ग्रंथ रचल्याचं नाही, नकल केल्याचंही नाही. पोथी सरकारजमा झाली त्या वर्षाचं ते साल. मुंबई सरकारने १८६६ पासून पोथ्या जमवायला घेतल्या. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन अशी संस्कृतची पंडित मंडळी गावोगाव फिरली आणि त्या त्या वर्षी जे हाती लागलं ते त्या सालाच्या खात्यावर पडलं. व्याकरणाशेजारी वैद्यक, त्याला खेटून एखादं काव्य. पुढे विषयवार सूची छापल्या गेल्या, त्यामुळे हवं ते सापडतं. मला मात्र ही सालवारीच आवडते. सूची मागितलं तेवढंच देते. सालवारीत कोण कुठे भटकत होतं तेही कळतं. जैन ग्रंथांची रीघ लागली की ओळखावं, स्वारी गुजरात-राजपुतान्याकडे होती.

१८७५-७६ म्हटलं की ब्यूलरसाहेबांचं काश्मीर. तिथून आलेल्या काही पोथ्या भूर्जपत्रावर, काश्मीरकडच्या जुन्या शारदा लिपीतल्या. भूर्जपत्र म्हणजे झाडाची साल. कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, कडा भुरभुरतात. लिपी येत नसली तरी नजर हटत नाही.

लिपी येत असेल तर आधी शेवटचं पान बघावं, असं माझं प्रामाणिक मत. ग्रंथ संपला की तिथे लेखकू, म्हणजे पोथी उतरवून काढणारा, बोलायला लागतो. शक, तिथी, गाव, कुणासाठी लिहिलं ते. मग अनेकदा हमखास ठरलेला श्लोक: जसं पाहिलं तसं उतरवलं, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. केवढी सोयीची पळवाट! दुसरा एक श्लोक थेट तक्रारीचा: पाठ, कंबर, मान मोडून, खाली मुंडी घालून कष्टाने लिहिलंय, जपून ठेवा. शेकडो वर्षांपूर्वीची ही पाठदुखी कुठल्या विषयाखाली शोधणार? व्याकरणाची पोथी मागवावी, शेवटचं पान उघडावं आणि व्याकरण राहू द्यावं बाजूला.