ढग वाचायला शिकतोय

२०२४ च्या ऑगस्टात बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हापासून मला सॅटेलाइट फोटो बघायचं वेडच लागलंय. हवामानशास्त्र शिकवणाऱ्या कॉमेटच्या मेटएड साइटवर फुकट अकाउंट काढलं नि रोज रात्री एकेक लेसन करतोय, इंग्रजी जरा जड आहे पण चित्रं झकास. इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या फोटोमधे ढग पांढराशुभ्र म्हणजे थंड, म्हणजे उंच, आणि खालचं धुकं जवळपास जमिनीइतकंच गरम म्हणून रात्री दिसतच नाही, हे कळलं तेव्हा आईला उठवून सांगितलं तर म्हणे झोप आता मेल्या.

मग इस्रोच्या मॉसडॅक साइटवर इन्सॅट-३डीएस या हवामान उपग्रहाचे ताजे फोटो उघडून बडोद्यावरचे ढग ओळखत बसतो. पण सिरस, म्हणजे खूप उंचावरचा पातळ ढगही पांढरा दिसतो नि थेंब पडत नाही, तिथे पाऊस येणार सांगून तीनदा आपटलो, आईने दोरीवरचे कपडे उगाच काढले.